रंधा धबधबा: एका दिवसात उरकावा की भंडारदऱ्याला मुक्काम करावा?

भांडुपची_मृ
नमस्कार मंडळी,
घरात आठ दिवस एकच वाद चालू आहे, शेवटी इथे आणतेय. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रंधा धबधबा बघायला जायचंय. आम्ही चौघं: मी, नवरा, नऊ वर्षांचा लेक आणि साबा (म्हणजे सासूबाई; वय ६९, गुडघे कुरकुरतात, उत्साह माझ्या दुप्पट). साबांनी रंधा शाळेच्या सहलीत पाहिला होता, लाल डब्यातून जाऊन. "तसं पाणी पुन्हा नाही बघितलं" हे लग्न झाल्यापासून ऐकतेय.

नवऱ्याचं म्हणणं, पहाटे पाचला निघू, बघू, जेवू, रात्री घरी. धबधबा वीस मिनिटांत बघून होतो, त्याला काय दुसरा अंक असतो का? माझं म्हणणं, वीस मिनिटांसाठी सव्वातीनशे किलोमीटर गाडीत बसायचं तर त्यापेक्षा पवईला जाऊन तलाव बघू.

तर एका दिवसात जमतं का? मुक्काम केला तर रात्री तिथे करण्यासारखं काही आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, राहायच्या ठिकाणी कमोड असतो का? साबांना खाली बसता येत नाही.

कसारा_फास्ट
एक दिवस पुष्कळ झाला. मी बाईकवर अकरा वेळा केलंय. पहाटे चारला ठाणे सोडायचं, कसारा घाटात चहा, घोटीला नाश्ता, बारीवरून शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाजवळचं गाव. रंधा बघून धरणाला चक्कर मारून तीनला परत. मुक्काम करून करणार काय? साडेसातला अंधार, त्यात वीज जाते, मग बेडकांचं गाणं ऐकत बसा.

रानभूल
बेडकांचं गाणं ऐकायलाच तर जायचं हो!

पार्लेकर_सुधीर
मृ, अनुभवाचे बोल सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही असेच 'उरकायला' गेलो होतो. पावणेअकराला रंध्याच्या पार्किंगला पोचलो. कठड्यापाशी जाऊन उभे राहिलो तर समोर पांढराशुभ्र पडदा. धुकं! आवाज मात्र असा, की छातीत घुमतोय. अंगावर तुषार उडतायत, चष्मा भिजलाय, पण धबधबा दिसायला तयार नाही. माझी लेक सात वर्षांची होती, तिने विचारलं, "बाबा, चालू आहे का तो?"

पाऊण तास थांबलो. तेवढ्यात मागे दोन बसेस आल्या आणि कठड्यावर कोपर टेकायला जागा उरली नाही. घोरपडादेवीला नमस्कार केला, भजी खाल्ली आणि परत फिरलो. घरी आईने विचारलं, कसा होता? म्हटलं, मोठ्याने होता.

पुढच्या वर्षी मुक्काम केला. पहिल्या दिवशी परत धुकंच. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गेलो, तिथे चिटपाखरू नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं धुकं वर उचललं गेलं. १७० फूट म्हणजे काय ते तेव्हा कळलं. माझं गणित साधं आहे. मुक्काम केला की धबधबा बघायची संधी दोनदा मिळते. रात्री काय करायचं हा प्रश्नच नाही, झोपायचं.

कसारा_फास्ट
धुकं काय, नशिबाचा भाग आहे. मला अकरापैकी नऊ वेळा दिसलाय.

पार्लेकर_सुधीर
तुम्ही एकटे बाईकवर जाता. नाही दिसला तर परत बाराव्यांदा जाल. साबांना वर्षातून एकदाच नेणार आहेत.

नाशिककर_मामा
तुम्हा मुंबईकरांचं काही कळत नाही. आम्ही भंडारदऱ्याला नाश्त्याला जातो आणि दुपारी घरी येऊन झोपतो. बाकी चालू द्या.

पेठेतला
नाशिककर मामा, नाश्त्यानंतर झोप लागते याचा अर्थ नाश्ता चांगला नव्हता.

नाशिककर_मामा
मिसळ होती. झोप लागणारच.

शब्दवेडी
अवांतर: 'साबा' हे संक्षिप्त रूप बघून दर वेळी मला एखादं पेंडीचं खत आठवतं. 'सासूबाई' लिहायला किती वेळ लागतो? हलकेच घ्या.

भांडुपची_मृ
शब्दवेडी, त्यांनीच परवानगी दिली आहे. फोनमध्ये मीही त्यांच्याकडे 'सूबा' म्हणून सेव्ह आहे :)
कमोडचं कोणी सांगेल का?

प्रवरेकाठचा
मूळचा अकोले तालुक्यातला, हल्ली घाटकोपर. वरचं वाचून राहवलं नाही.

दिवस की रात्र यापेक्षा आधी रंध्याला पाणी कधी असतं ते समजून घ्या. हा धबधबा प्रवरेवर आहे, धरणाच्या खालच्या अंगाला, शेंडीपासून राजूरच्या रस्त्याने दहा-अकरा किलोमीटर. पूर्वी बारमाही वाहायचा. नंतर पाणी वीजनिर्मितीकडे वळलं, तेव्हापासून तो पावसाळ्यापुरताच. मृ, तुमच्या सासूबाई 'तसं पाणी पुन्हा नाही बघितलं' म्हणतात ते उगाच नाही. कोणी डिसेंबरात जाऊन "हाच का तो?" म्हणतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यातही दोन रूपं असतात. धरण भरायच्या आधी आसपासच्या ओढ्यांचं पाणी पडतं, ते देखणं असतं. धरण भरत आलं आणि वरून पाणी सोडलं की रंधा देखणा राहत नाही, भीतीदायक होतो. धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. साधारण ऑगस्टच्या मध्याला ते भरण्याच्या बेतात असतं म्हणून तुम्ही निवडलेला आठवडा चांगला आहे. निघायच्या आधी पेपरात किंवा बातम्यांत 'भंडारदऱ्यातून इतके क्युसेक विसर्ग' अशी ओळ शोधा. विसर्ग जास्त असेल तर पोलीस जवळ जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

छत्री धबधबा, म्हणजे सगळे ज्याला अंब्रेला फॉल म्हणतात तो, धरणाच्या पायथ्याशी. मोरीतून पाणी सोडलं की गोल खडकावरून छत्रीसारखं पसरून पडतं. मोरी बंद तर छत्री बंद. दर शनिवारी कोणीतरी "आज छत्री का नाही?" म्हणून चौकीदाराशी हुज्जत घालत असतो.

पेठेतला
सरकारी छत्री आहे, ऑफिसच्या वेळेतच उघडणार.

चाकरमानी
मुद्द्यावर या हो. प्रश्न धबधब्याचा नाहीच, परतीच्या रस्त्याचा आहे. रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात नाशिक महामार्गावरून मुंबईत शिरून दाखवा. शहापूर, आसनगाव, वाशिंद, मग वडपे ते माजिवडा. गेल्या पावसाळ्यात पडघा ते माजिवडा एवढंच अंतर तोडायला पावणेतीन तास लागले. धाकट्याला बाटलीत शू करायला लावली, बायकोने घरी येईपर्यंत अबोला धरला.

सुसाट
समृद्धी महामार्ग घ्या ना. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा सुरू झाला. कसारा घाट चढायचाच नाही, जवळपास आठ किमीचा बोगदा पार केला की इगतपुरी. मोजून काही मिनिटं लागतात.

चाकरमानी
आणि आमण्याला उतरल्यावर? तिथून ठाण्यापर्यंतचा रस्ता तोच. बाटलीचं तोंड तसंच आहे, फक्त बाटली आता गुळगुळीत झाली.

कसारा_फास्ट
शिवाय समृद्धीवर दुचाकी नाही. म्हणजे आमच्यासारख्यांना घाटच. आणि खरं सांगू? बोगद्यातून गेलात तर घाटातलं धुकं, कडेचे झरे, मक्याची कणसं सगळं हुकतं. धबधबे बघायला निघालेला माणूस बोगद्यातून जातो याला काय म्हणावं?

सुसाट
वेळेवर पोचणारा म्हणावं.

दोन_पोरांची_आई
मी मुक्कामाच्या विरोधात नाही, पण तंबूच्या कडक विरोधात आहे. जलाशयाच्या काठी 'लेक टच' म्हणून बुकिंग केलं होतं. फोटोत दिवे, शेकोटी, गिटार. प्रत्यक्षात तंबू चिखलात, आणि रात्री एकला वाऱ्याने एका बाजूचे खुंटे उपटले. नवरा आणि मी दोन कोपरे धरून बसलो, पोरं मध्ये. शेजारच्या तंबूतली कॉलेजची मंडळी तेव्हाही स्पीकरवर गाणी लावून 'एन्जॉय' करत होती. साडेतीनला मालकाच्या घरच्या पडवीत गेलो, त्याच्या आईने चुलीवर पाणी तापवून चहा दिला. ती पडवी ही त्या सहलीची सगळ्यात चांगली गोष्ट.

ऑगस्टमध्ये डोक्यावर पत्रा किंवा कौल हवं. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस आहे तो, आपल्या मुलुंडचा नव्हे. कापड चालत नाही. मृ, सासूबाईंना तंबूत अजिबात नेऊ नका, उठता-बसताही येणार नाही.

प्रवरेकाठचा
+१. त्या काठच्या घाटघरला तर आमच्याकडे नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात.

रानभूल
राहायचंच असेल तर ऑगस्टऐवजी मे अखेर ते जूनचा मध्य धरा. काजवे! हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं रात्री अशी लुकलुकतात, की आख्खं झाड श्वास घेतंय असं वाटतं. त्यासाठी मुक्काम, बाकी सगळं निमित्त.

पार्लेकर_सुधीर
पण जूनमध्ये रंध्याला पाणी कुठून आणणार?

रानभूल
काजवे असताना धबधबा कोणाला हवाय.

भांडुपची_मृ
साबांना हवाय.

कसारा_फास्ट
काजव्यांचं नावही काढू नका. दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, रस्त्यावर गाड्यांचे हेडलाईट जास्त लुकलुकत होते. वनखात्याचे लोक "लाईट बंद करा, फ्लॅश मारू नका" सांगून दमले. एका इसमाने बरणीत काजवे भरले होते, मुलाला घरी दाखवायला. त्याच्याशी भांडलो.

रानभूल
हे बाकी खरं. आता मीही मधल्या वारीच जाते. तुमच्याशी सहमत व्हावं लागेल असं वाटलं नव्हतं.

गिरगावचा_नाना
वय वर्षे ७२, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

तुम्ही सगळे 'शनिवारी जाऊन शनिवारी परत' किंवा 'शनिवारी जाऊन रविवारी परत' एवढंच धरून बसला आहात. आम्ही गेली दहा-बारा वर्षं तिसरंच करतो. मुक्काम सहलीच्या शेवटी नाही, आधी करायचा. शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकून दुपारी दोनला घर सोडायचं. अंधार पडायच्या आत शेंडीत. पिठलं, भाकरी, झोप. शनिवारी सहाला उठून सातच्या आत रंधा. तेव्हा तिथे आपण, माकडं आणि फार तर एखादा फोटोग्राफर. धुकं असलं तर थांबायला पुष्कळ वेळ हातात. नऊला रतनवाडी, अमृतेश्वराचं दर्शन. बाराला जेवून निघायचं. मुंबईची सगळी गर्दी तेव्हा समोरून येत असते, आपण मोकळ्या बाजूने घरी. पाचला आपल्या चहाला आपल्या गॅलरीत. रविवार कपडे वाळत घालायला मोकळा.

अमृतेश्वर चुकवू नका. शिलाहारकालीन मानलं जाणारं देऊळ आहे, भोवती भातखाचरं, मागे रतनगड. तिथली पुष्करणी बघा. शेंडीहून साधारण वीस किलोमीटर, रस्ता अरुंद. आमची ही तिथे दहा मिनिटं काही न बोलता बसते. घरी हे घडत नाही.

चाकरमानी
नाना, साष्टांग. पण शुक्रवारी अर्धी रजा मागितली की आमचा साहेब विचारतो, "घरी कोण आजारी?"

गिरगावचा_नाना
सांगायचं, सासूबाईंचे गुडघे. मृ यांच्या बाबतीत तर ते खरंही आहे.

सुसाट
एकच सावधगिरी. घोटीच्या पुढे अंधारात आणि धुक्यात गाडी चालवू नका. उशीर झाला तर इगतपुरी किंवा घोटीलाच झोपा आणि पहाटे निघा.

डोंबिवली_फलाट५
गाडी नसलेल्यांसाठी: कसारा लोकल, तिथून जीप ठरवून शेंडी. सहा-सात जण असाल तर परवडतं. पण मग एका दिवसात करताना सगळं लक्ष परतीच्या लोकलकडे. आम्ही रंध्याला पोचलो आणि जीपवाला दर दहा मिनिटांनी "साहेब, लोकल" म्हणत होता. धबधबा कसा होता ते नीट आठवत नाही, त्याचा चेहरा आठवतो.

प्रवरेकाठचा
थोडं मनातलं. एका दिवसाची गर्दी घरून डबे आणते, चिप्सची पाकिटं सोडून जाते आणि गावात खर्च करते तो पार्किंगचा. राहणारा माणूस निदान कुणाच्या घरी जेवतो. रतनवाडी, साम्रद, मुरशेत, सगळीकडे घरगुती सोय होते. आमच्या भागातला काळभात, जिरवेल हा तांदूळ मागून खा. वासावरूनच कळेल. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, त्या याच तालुक्यातल्या. गावरान बियाणं जपण्याचं काम त्यांचं.

दुसरं म्हणजे, धरणाची भिंत बघायला सगळे जातात. १९१० ला काम सुरू झालं, १९२६ ला पुरं झालं, विल्सनचं नाव लागलं. पण राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे, हे किती जणांना माहीत असतं? इंग्रजांविरुद्ध आदिवासींना घेऊन उभे राहिले आणि २ मे १८४८ ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. तुम्ही ठाण्यावरून गाडी काढणार आहात म्हणून सांगितलं.

कसारा_फास्ट
हे माहीत नव्हतं. अकरा वेळा गेलो आणि ठाण्यातच राहतो. धन्यवाद.
पण राहणारे सगळे गावाच्या भल्याचे असतात असंही नाही हो. वर त्या ताईंनी स्पीकरवाले सांगितलेच आहेत.

प्रवरेकाठचा
मान्य. ते राहत नाहीत, दारू प्यायला जागा भाड्याने घेतात.

भांडुपची_मृ
सगळं वाचून दाखवलं घरी. नवरा म्हणाला, "नानांचं बरोबर आहे." मी इतके दिवस तेच सांगत होते, पण नाना म्हणाले की बरोबर! असो. नानांच्या पद्धतीने जायचं ठरलं.
आणि कमोड???

पेठेतला
इतक्या प्रतिसादांत ताईंच्या एकाच प्रश्नाचं उत्तर नाही. मराठी धाग्याचं हे व्यवच्छेदक लक्षण.

दोन_पोरांची_आई
फोन करून विचारा आणि व्हॉट्सॲपवर फोटो मागवा. 'वेस्टर्न आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

*(सोळा दिवसांनी)*

भांडुपची_मृ
आलो जाऊन! वृत्तांत देणं कर्तव्य आहे.

शुक्रवारी दोनचे तीन झाले, कारण साबांनी ऐन वेळी थालीपिठांचा डबा करायला घेतला. भिवंडी बायपासला पाऊण तास गेला (चाकरमानी, तुमची आठवण काढली), पण आमण्याला समृद्धीवर चढल्यावर गाडी जी निघाली ती इगतपुरीलाच. लेकाने बोगद्यात श्वास रोखून धरायची पैज लावली होती, अर्थातच हरला. साडेसातला शेंडीच्या अलीकडे असं धुकं, की नवरा खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता. सुसाट, तुमचं ऐकायला हवं होतं.

राहिलो एका घरी, कौलारू, दोन खोल्या. रात्रभर पाऊस असा, की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. वीज नव्हतीच. लेक आणि साबा कंदिलाच्या उजेडात पत्ते खेळले. साबा मेंढीकोटात लबाडी करतात हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं.

सकाळी पावणेसातला रंध्यावर. धुकं! सुधीरजी, तुमचा पांढरा पडदा जसाच्या तसा. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. थालीपीठं काढली, गाडीत बसून खाल्ली. सव्वाआठला साबा म्हणाल्या, "वारं फिरलं." आम्ही उतरेपर्यंत पडदा फाटत होता. धरणातून पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून गढूळ, तांबडं, नुसतं कोसळत होतं. लेक माझा हात सोडेना. नवऱ्याची वीस मिनिटं तिथेच संपली, पण तो सव्वा तास हलला नाही.

साबा मात्र बारकाईने बघत होत्या. विचारलं, तसंच आहे का? तर म्हणाल्या, "पाणी तेच आहे. तेव्हा मी पुढे त्या खडकापर्यंत गेले होते, बाईंचा मार खाल्ला होता." साठ वर्षांत हे पहिल्यांदा सांगितलं त्यांनी. लेकाच्या डोळ्यांत आजीबद्दलचा आदर एकदम वाढला, आणि कठड्यावरची माझी पकडही.

अमृतेश्वरला गेलो. पुष्करणीच्या पायऱ्या निसरड्या होत्या, साबांना वरूनच दाखवली. बाराचे दीड झाले निघायला. समोरून गाड्यांची रांग घोटीपर्यंत.

छत्री चालू होती, पेठेतला. ऑफिसची वेळ होती.

गिरगावचा_नाना
वा! काळभात खाल्लात का?

भांडुपची_मृ
खाल्ला, आणि पाच किलो बांधून आणला. भांडुपच्या कुकरमध्ये तो वास येत नाही, पण प्रयत्न चालू आहेत.

कसारा_फास्ट
अभिनंदन. तरी मी म्हणेन, पहाटे निघाला असतात तरी सव्वाआठनंतरच पोचला असतात, म्हणजे धुकं हटलेलंच मिळालं असतं. एका दिवसात झालंच असतं.

पार्लेकर_सुधीर
आणि मेंढीकोट?

कसारा_फास्ट
ते मात्र नसतं झालं.

दोन_पोरांची_आई
मृ, कमोड होता का शेवटी?

भांडुपची_मृ
होता! फोटोत होता तसाच, नवाकोरा, वर प्लास्टिकचं आवरणसुद्धा तसंच. फक्त नळाची जोडणी पुढच्या महिन्यात होणार होती. बाहेर एवढा पाऊस, आणि नवरा रात्रभर पागोळीखाली बादली लावून पाणी भरत होता.